एक पावसाळा जाऊ दे

चिपळूण,
अक्षय्य तृतीयेनंतरचा रविवार

चि. सानिका,

बायो, फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि मागे कुकरची शिट्टी झाली की आपलं बोलणं तिथंच संपतं. म्हणून हे पत्र. आंब्याची पेटी पोचली असेलच. वरचा थर आधी संपव, खालचे अजून चार दिवस गवतातच राहू देत. मामीने कोकमं वाळत घातली आहेत, ती पुढच्या खेपेला पाठवू.

वाकडच्या घराची किल्ली हातात आली हे ताईने मला रात्री साडेदहाला फोन करून सांगितलं. आवाज असा की जणू तिलाच घर मिळालंय. तू पाठवलेली ती थ्री-डी चित्रं मी आणि मामीने मोठी करकरून पाहिली. मामी म्हणाली, "सुंदर आहे गो, पण यात पिठाचा डबा कुठे ठेवणार?" मला मात्र वेगळीच काळजी लागली. बेड भिंतीला, कपाट भिंतीला, टीव्हीच्या मागे खाचाखाचांचं पॅनल, डोक्यावर फॉल्स सीलिंग, आणि हे सगळं पंचेचाळीस दिवसांत, गणपतीच्या आत. तो डिझायनर मुलगा हुशार आहे, चित्रावरून कळतं. पण त्या घरात तो राहणार नाही, तू राहणार आहेस.

माझं म्हणणं एवढंच, की एक पावसाळा जाऊ दे. नवी इमारत आहे. तिच्या पश्चिमेच्या भिंती जुलैत कशा वागतात हे अजून कोणालाच ठाऊक नाही, बिल्डरच्या माणसालाही नाही. त्याच भिंतीला सात फुटी कपाट ठोकलंस आणि मागे ओल आली, तर कळणार कधी? कपड्यांना कुबट वास यायला लागल्यावर. चार महिने नुसतं राहा. ऊन कुठून येतं, वाचायला तू कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसतेस, जावईबापू चार्जर कुठे टाकतात, चपला आपोआप कुठे साचतात ते बघ. मग फर्निचर कर. तोवर झोपायला गादी, दोन खुर्च्या, गॅस आणि कपड्यांना एक साधं कपाट पुरे. गणपतीला पाट आणि चौरंग लागतो, सोफा लागत नाही.

तू म्हणशील मामाला बोलायला काय जातं. तर ऐक. २२ जुलै २०२१ ची पहाट. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो आणि खाली आपल्या घरात साडेचार फूट पाणी. पाणी उतरल्यावर मी दार ढकललं तर उघडेना. चिखल तर होताच, पण आतून काहीतरी फुगून आडवं आलं होतं. ते आपलं टीव्हीचं युनिट. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका दुकानातून हौसेने आणलेलं, वर अक्रोडी रंग, चकचकीत. "लाकडीच आहे," असं दुकानदार म्हणाला होता. खोटं बोलला नाही म्हणा. लाकडाचा भुसाच होता तो. खालच्या फळ्या भिजलेल्या खारीसारख्या सुटल्या होत्या. मी त्या फावड्याने भरून घमेल्यात घातल्या. तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना सुतारकाम शिकवलेला माणूस मी, आणि मलाही दुकानात ते युनिट उलटं करून बघायचं सुचलं नव्हतं. वरचा रंग बघूनच भुललो.

शेजारी आजीचं सागवानी कपाट होतं. तेही तेवढंच बुडालेलं. दारं फुगून गच्च बसलेली, आत आजीच्या दोन लुगड्यांचा चिखल झालेला. मामीचा भाऊ म्हणाला, पहार घालून उघडू. मी घालू दिली नाही. मागची फळी काढून आतलं सामान सोडवलं, कपाट साध्या पाण्याने धुतलं आणि पडवीत सावलीला चार विटांवर उभं केलं. भिजलेलं लाकूड कडक उन्हात ठेवलं की तडकतं, आणि तसंही तेव्हा ऊन होतं कुठे! गणपती गेले, पितृपक्ष गेला. नवरात्रात एका सकाळी बघतो तर डावं दार आपलं आपणच अर्धा इंच उघडलेलं. मामीने त्याला हळदकुंकू लावलं. मी हसलो नाही.

आणि ओट्याखालची कपाटं? ती मी मरीन प्लायची केली होती. कडेची पट्टी दोन ठिकाणी सुटली, बिजागऱ्या गंजल्या, पण खोकी तशीच उभी. बिजागऱ्या बदलल्या आणि त्यातच पुन्हा डबे ठेवले.

तुझ्याकडे वाकडला असा पूर येणार नाही. पण सिंकखालचा पाइप गळतो, वॉशिंग मशीनची नळी निसटते, फरशी पुसताना कपाटाचा तळ रोज ओला होतो. तिथे जे होतं ते हेच, फक्त सावकाश.

तू विचारलं होतंस, प्लाय, एमडीएफ, एचडीएचएमआर यात फरक काय. फोनवर सांगायला गेलो तेव्हा तुझी मीटिंग लागली. आता निवांत वाच. भुश्याची फळी, म्हणजे पार्टिकल बोर्ड, हा लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेला असतो. सगळ्यात स्वस्त. त्यातला स्क्रू एकदा निघाला की त्या भोकात परत धरत नाही, आणि पाणी लागलं की ते फुगतं ते फुगतंच. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबलेले. पृष्ठभाग लोण्यासारखा गुळगुळीत, रंगाच्या दारांना छान, पण साध्या एमडीएफला पाण्याचं वैरच. एचडीएचएमआर हा त्याचाच जास्त घट्ट दाबलेला भाऊ. ओल बऱ्यापैकी सोसतो, दारांना सरळ राहतो, पण जड. लांब फळीला त्याला मधे आधार हवाच.

प्लायचं तंत्र मला अजूनही सुंदर वाटतं. लाकडाचे पातळ पापुद्रे सोलायचे आणि एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे असे एकावर एक चिकटवायचे. पापुद्र्यांची संख्या नेहमी विषम. एक थर फुगायला बघतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. (जॉइंट फॅमिलीसारखं, असं मी वर्गात म्हणायचो. पोरं हसायची, कारण सगळी तशाच घरांतली.) खरी मेख गोंदात असते. दुकानात ज्याला कमर्शियल म्हणतात तो एमआर, दमट हवा सोसणारा, भिजणं सोसणारा नव्हे. त्याच्यावरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा. हे दोन्ही आयएस ३०३ या मानकात येतात. मरीनचं मानक वेगळं, आयएस ७१०, आणि त्याच्या तुकड्याला चाचणीत ७२ तास उकळतात. "मॅडम, वॉटरप्रूफ आहे" या वाक्याला काडीची किंमत देऊ नकोस. शीटवरचा शिक्का बघ आणि आकडा वाच. सगळीकडे मरीन घालायचीही गरज नाही. सिंकखाली, ओट्याखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर घाल. झोपायच्या खोलीत बीडब्ल्यूआर भरपूर झालं.

आणि एक करून बघ. डिझायनरने नमुन्याचे तुकडे दिलेत ना, तळहाताएवढे? त्यांची जाडी मोजून ठेव आणि रात्री बादलीत टाकून त्यावर वीट ठेव. सकाळी परत मोज. आयटीआयत दर वर्षी नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात मी हेच करायला लावायचो. कुठल्याही व्याख्यानापेक्षा पोरांच्या ते जास्त लक्षात राहायचं. काम चालू असताना शीटवर बोटांच्या पेरांनी टकटक करून बघ. मधेच पोकळ आवाज आला तर आत फट आहे. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी बसली का तेही बघ. पुढून सगळे लावतात. मागची आणि तळाची कड उघडी राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरले तर तो गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडचा वास. कमी वास सोडणाऱ्या बोर्डावर ई-१ किंवा ई-० लिहिलेलं असतं, ते मागून घे. घरात पुढे लहान मूल येईल. मी काही विचारत नाहीये, ताईसारखा. फक्त लिहितोय.

आता शैलीबद्दल. त्या मुलाने याला जापांडी म्हटलंय. मी नातवाला विचारलं. त्याने सांगितलं, जपानी अधिक स्कँडिनेव्हियन. बुटकं, साधं लाकूड, कमी सामान, मोकळी जमीन. लगेच "आमच्या माजघरात हेच तर होतं" असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आजीचं माजघर मोकळं होतं ते आवडीने नव्हे, पैसे नव्हते म्हणून. पण त्या घरात एक शहाणपण होतं हे खरं. फडताळ आणि कोनाडे भिंतीच्या जाडीतच असायचे, आणि बाकी सगळं हलायचं. पाट, चौरंग, घडवंची, लोड. जेवणं झाली की खोली रिकामी, रात्री तीच झोपायची. तुझी बैठकीची खोली दहा बाय चौदा. तिला असं हलतं सामानच शोभेल. नुसता रंग जपानी करून भागत नाही गो.

चित्रात कोपऱ्यात व्ही आकाराच्या पायांची एक वेताची खुर्ची दिसते, ती मी लगेच ओळखली. चंदीगड शहर वसवताना पिएर जानेरे यांनी १९५० च्या दशकात सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या अशा खुर्च्या केल्या. हे ल कॉर्बूझिएचे चुलतभाऊ. पुढे कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या आणि त्याच परदेशात लिलावात लाखांनी विकल्या गेल्या. तुला मिळेल ती नक्कल असणार. असू दे, घडण चांगली आहे, फक्त लाकूड खरं सागवान आहे ना ते बघ. आणि वेत म्हणून प्लॅस्टिकची जाळी गळ्यात मारून घेऊ नकोस. खरा वेत सैल पडला तर खालच्या बाजूने पाणी शिंपडून रात्रभर ठेवायचा, वाळताना परत ताणला जातो. आमच्या ऑफिसच्या खुर्च्या विणायला एक दृष्टिहीन गृहस्थ यायचे. बोटांनी भोकं मोजत इतक्या वेगाने विणायचे की पोरं रंधा थांबवून बघत बसायची. आता वेत विणणारा माणूस आमच्याकडे मिळत नाही. पुण्यात मिळतो का ते आधी शोध आणि मगच खुर्ची घे.

पण खुर्ची म्हटलं की माझं मन जातं ते इराण्याच्या हॉटेलातल्या त्या काळ्या, गोल पाठीच्या खुर्चीकडे. आजोबांबरोबर मुंबईला गेलो की ब्रून-मस्का खाताना मी तिचे पाय चाचपत बसायचो. एवढं लाकूड वाकलं कसं हेच कळायचं नाही. फार पुढे कळलं, की ते घराणं थोनेट या कारागिराचं, १८५९ सालचं. बीच नावाचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं. सगळी खुर्ची मिळून लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग केले की एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. आज सुट्या भागांच्या फर्निचरचं जे कौतुक चाललंय ते तेव्हाच होऊन गेलं. ती खुर्ची खिळखिळी झाली तर स्क्रू आवळायचा. पाय मोडला तर तेवढाच बदलायचा. तुझ्या घरातली कुठली वस्तू मोडली तर तिचा तेवढाच भाग बदलता येईल, हे ती यादी हातात घेऊन एकदा बघच.

भिंतीला ठोकू नकोस असं जे म्हणतोय ते यासाठीही. ताईचं गोदरेजचं कपाट तिच्या लग्नातलं. सांगली, नाशिक, परत सांगली, मग पुणे, दर बदलीला ट्रकच्या दांड्याला बांधून गेलं. आरशाचा एक कोपरा उडाला, बाकी आहे तसं. तुमची कंपनी उद्या तुम्हाला बंगळूरला धाडेल, किंवा आणखी कुठे. भिंतीला ठोकलेलं फर्निचर स्वतःचं घर असलेल्या माणसालाही सोडून जावं लागतं. तेव्हा किचन ठोक, बाकीचं उभं ठेव. कपाटाची खोली दोन फूट ठेव. कमी केलीस तर हँगर तिरके लटकतात आणि दार लागत नाही. बेडभोवती निदान दोन फूट वाट सोड, म्हणजे चादर घालताना कसरत नको. खाचांच्या त्या पॅनलबद्दल मामीने विचारलंय की दर शनिवारी त्यातली धूळ कोण काढणार. मला उत्तर सुचलं नाही.

लॅमिनेटला नावं ठेवू नकोस बरं का, जावईबापूंना ते "खोटं" वाटतं म्हणे. सनमायकावरचं अक्रोड हे छापलेल्या कागदाचंच असतं, पण स्वयंपाकघरात, हळद-तेलाच्या हातांना त्याच्याइतकं निगुतीचं दुसरं काही नाही. खरं लाकूड हवं तर एकच वस्तू घे, पण नीट घे. जेवायचं टेबल घे. आणि ते बाजारातून आणायचं नाही.

का ते सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दापोलीच्या घरामागचा फणस पडला, तुला आठवत असेल. लहानपणी तू त्याच्या खोडाला दोर बांधून झोका काढला होतास आणि आजीचा ओरडा खाल्ला होतास. तो मी जळणाला जाऊ दिला नाही. फळ्या पाडून आणल्या, दीड इंची. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून खळ्यावरच्या माळ्यात रचून ठेवल्या, वारा खेळता राहावा म्हणून. सावलीत वाळायला दर इंच जाडीला साधारण वर्ष धरतात. यांची तर किती वर्षं झाली. कापला तेव्हा हळदीसारखा पिवळा होता, आता मधासारखा झालाय. पुढे आणखी काळवंडेल. दोन फळ्यांना कडेला भुंग्याने पोखरलंय, पांढरं पीठ पडलं होतं, त्या बाजूला काढल्या. उरलेल्यांत सहा माणसांचं टेबल होतं. पण पावसात नाही करणार. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पिऊन रुंद होतं. तेव्हा बेतून बसवलेला जोड थंडीत फट दाखवतो. दारं अडकतात म्हणून लोक जुलैत रंधा मारून घेतात आणि डिसेंबरात त्याच दारातून उजेड येतो, ते हेच. तेव्हा टेबल दिवाळीनंतर. पॉलिश मात्र चपडा लाखेचं मागू नकोस, दिसतं फार देखणं, पण गरम भांडं टेकलं की पांढरा डाग. जेवायच्या टेबलाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, बरं.

मिस्त्री तुझ्याकडे येईल तेव्हा त्याला चहा दे आणि त्याच्याशी बोल. डिझायनर चित्र दाखवतो, पण फळी कापतो तो मिस्त्री. तो मारवाडातला असो नाही तर गोरखपूरचा, "इथे काय टिकेल?" असं त्याला कोणी विचारतच नाही. विचारलंस तर खरं सांगतो. बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल यांत मात्र काटकसर नको. दिवसातून वीस वेळा हलणारी वस्तू तीच.

राहता राहिला ओटा. त्याचं मात्र आत्ताच ठरवावं लागेल. तयार किचनं साधारण ३३-३४ इंच उंचीची येतात. मामी चार फूट दहा इंच. आमच्या घराचा ओटा मीच ३४ चा करून ठेवला होता, पुस्तकातलं माप म्हणून. बिचारी वीस वर्षं खांदे उचलून कणीक मळत राहिली. बोलली कधीच नाही. फक्त पाटावर उभी राहायची आणि मला वाटायचं, फरशी गार लागत असेल. पुरानंतर नवा ओटा ३१ चा केला तेव्हा पहिल्या दिवशी म्हणाली, "आत्ता बरं." त्या दोन शब्दांनी मला झोप लागली नाही. तू तिच्याहून वीतभर उंच. ३४ च्या ओट्यावर तू वाकशील आणि चाळिशीत कंबर धरशील. कोपरापासून चार-पाच इंच खाली, ते तुझं माप.

तेव्हा आज रात्री अनवाणी, भिंतीला पाठ लावून, कोपर वाकवून उभी राहा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर जावईबापूंकडून मोजून घे आणि मला इंचांत कळव. त्यांचंही कळव. पोळ्या तेच लाटतात असं ताई सांगत होती.

तुझा,
मामा

ता. क. : टेप स्टीलचा घ्या. शिवणकामाचा कापडी नको, तो ताणला जातो.